मायकलच्या शवपेटीवरचा झेंडा

३ ऑगस्ट २०२५, रविवार
चर्चमध्ये मिस्सानंतर फादरांनी हॉलमध्ये चर्चा ठेवली होती. देशाचा झेंडा जाळणाऱ्याला कायद्यानं शिक्षा असावी का — ख्रिस्ती माणसानं काय म्हणावं? मी बोलले. संत पौल सांगतो, सत्तेच्या अधीन राहा. तीन वर्षांची कैद आहे ती योग्यच. ज्या आईचा मुलगा सैन्यात गेला तिला विचारा! टाळ्या पडल्या. ऑगस्टीन खाली बघत बसला होता. माझा नवरा चारचौघांत कधी तोंड उघडत नाही.

मग शर्ली उठली. माझ्या मायकलला सीमेवर बर्फानं नेलं त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून सून घरातही मोजकंच बोलते. आणि आज भर सभेत —
"पवित्र देव आहे, कापड नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी रोमन सम्राटापुढे धूप जाळला नाही, तर त्यांनाही द्रोहीच म्हटलं. जाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याआधी एकदा विचारावं, तुझं काय जळलंय?"
जाळणाऱ्याचा हिला एवढा पुळका का?

५ ऑगस्ट
फादर घरी आले. पंधरा ऑगस्टला मारियामातेचा सणही असतो. त्या दिवशी मिस्साला मायकलचा झेंडा आल्ताराजवळ, वेदीपाशी ठेवू म्हणाले. शवपेटीवरून काढून, घडी करून लष्करानं शर्लीच्या हातात दिलेला तो. मी लगेच हो म्हटलं. शर्ली म्हणाली, कपाट मी बघते, तुम्ही नका त्रास घेऊ. घाईघाईनं म्हणाली. मी बरोबर ओळखते हिचा आवाज.

६ ऑगस्ट
ती शाळेत शिकवायला गेल्यावर कपाट उघडलं. वर्दी आहे. पदक आहे. बूटसुद्धा आहेत.
झेंडा नाही.

७ ऑगस्ट
वाडीत केळींना पाणी लावायला धोंडूबाई येते. तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, आमची शर्ली कधी काही जाळत होती का? ती म्हणाली, शिमग्याच्या टायमाला सूनबाय बावखलाच्या काठाला घमेलं धूत होती, सगला पानी काला झालता. इचारलं तर कचरा जालला बोलली.
कचरा!
म्हणजे रविवारी ती स्वतःचीच वकिली करत होती. आपण ख्रिस्ती, आपल्याकडे आधीच बोट दाखवायला लोक टपलेले. हे बाहेर गेलं तर?

८ ऑगस्ट
ऑगस्टीनला सांगितलं. "सोड," म्हणाला. हा माणूस आपल्याच मुलाबद्दल इतका थंड कसा?

९ ऑगस्ट
जेवताना विचारलंच. झेंडा कुठाय?
शर्लीनं आधी ऑगस्टीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी जाळला, आई."
एवढंच. का, कशासाठी, काही नाही. मी नको ते बोलले. तुझं त्याच्यावर प्रेम नव्हतं, म्हटलं. पोलिसांत देईन, म्हटलं. ऑगस्टीन भरलं ताट टाकून वाडीत निघून गेला. तिनं तिघांची भांडी घासली, पिशवी भरली आणि पाचच्या बसनं अर्नाळ्याला माहेरी गेली.

१० ऑगस्ट, रविवार
कुमसार केला, फादरांपुढं सगळं कबूल केलं. फादर म्हणाले, चौकीत जायचं की नाही ते तू ठरव, पण आधी तिच्याकडे जा. मी का जाऊ? गुन्हा तिचा. मिस्सात ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत मात्र उभं राहवेना. बाकावरच बसले.

११ ऑगस्ट
ऑगस्टीन दोन दिवस धड जेवलेला नाही. माझ्याशी बोलत नाही. सुनेची बाजू घेतोय, म्हणजे यालाही आधीपासून माहीत होतं!

१२ ऑगस्ट
सकाळी ऑगस्टीन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "झेंडा मी जाळला. मार्चमध्ये, पोराच्या वाढदिवशी. दर वर्षी स्टेजवर बोलावतात, शाल घालतात, अभिमान बाळगा म्हणतात. मला रडायचं होतं, लूर्डस. शर्लीनं बघितलं. माझ्या शेजारी बसून राहिली, नंतर सगळं तिनंच आवरलं."
मी गॅस बंद केला. अर्नाळ्याची बस साडेनऊला आहे. दोघंही जातोय.