वरच्या मळ्यातली मिरची

१२ सप्टेंबर

बोंबला! वरच्या मळ्यातली द्राक्षं मर्लो जातीची नाहीतच म्हणे. वेलींचा अभ्यास करणारी माझी मैत्रीण सहज आली होती. कोवळं पान उलटं केलं आणि हसायलाच लागली. "अगं, पाठीमागून लालसर आहे. ही कार्मेनेर जात! मर्लोनंतर तीन-चार आठवड्यांनी पिकते." आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं खालच्या-वरच्या दोन्ही मळ्यांची तोडणी एकदमच! का? तर सासऱ्यांनी रोपं एकाच गाडीतून आणली होती म्हणून.

म्हणजे आमच्या वाइनला येणारा तो ढोबळी मिरचीचा वास कच्च्या द्राक्षांचा. करणाऱ्याचा त्यात दोष नाही.

हे घरात सांगायचं कसं?

१३ सप्टेंबर

नाही सांगितलं.

माझ्याआधी तळघरातली वाइन सासूबाई करायच्या. तेव्हाही मिरची होतीच. एकदा गिऱ्हाइकांसमोर सासरे म्हणाले, "हिच्या हातालाच चव नाही." सासूबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली, ती ठेवलीच. त्यानंतर तळघराची पायरी उतरल्या नाहीत. लग्नानंतर किल्ली माझ्याकडे आली आणि मिरचीही! आता सासरे मला ऐकवतात — "सासू तशी सून."

१५ सप्टेंबर

सांगून टाकलं. सासरे भडकले — "वेली मी लावल्यात, तू मला शिकवतेस?" आमचे हे नेहमीप्रमाणे तळ्यात-मळ्यात! शेवटी ठरलं: खालचा मळा आत्ता तोडायचा, वरचा माझ्या जबाबदारीवर. सासऱ्यांची अट — "सडला तर किल्ली परत द्यायची." मी हो म्हणून बसले. अर्धं पीक! जिभेला हाड नाही माझ्या.

सासूबाई भाजी निवडत होत्या.

२४ सप्टेंबर

ढग. दहादा अंगणात जाऊन आभाळ बघितलं.

२९ सप्टेंबर

पाऊस! तशीच वर धावले. घड हातात घेऊन हुंगत बसले, कुठे कुजका वास येतोय का म्हणून. मागून कोणीतरी छत्री धरली. सासूबाई.

"साल जाड आहे यांची. टिकतील."

मी वळून बघितलं. तर म्हणाल्या, "वरची अजून पिकली नाहीत, थांबा, असं मीही सांगायचे. ऐकतंय कोण!"

मला रडूच आलं. भीतीनं की कशानं, कळलं नाही.

५ ऑक्टोबर

पाखरांनी कडेची रांग फस्त केली. सासरे खिडकीतून बघतात आणि नुसते खाकरतात. थांबून चूक तर नाही ना केली?

११ ऑक्टोबर

पानं लालभडक. बी चावून पाहिली, तपकिरी, कुरकुरीत. तोडली एकदाची!

२० डिसेंबर

आज पिंपातून पहिला पेला काढला. काळी चेरी, कोको, मागे जरासा धूर. वरच्या मळ्यातल्या मुरमाची असली चव असते होय! मिरची शोधूनही सापडेना.

जेवताना सगळ्यांना दिली. सासरे घोट घेऊन म्हणाले, "वा! हिच्या हाताला चव आहे हं!" सासूबाई ताट उचलून आत गेल्या.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाबा, हात कोणाचाही असो. आई करायच्या तशीच मी करते. काडीचा फरक नाही. बदलली ती तोडणीची वेळ, आणि ती तुम्ही ठरवायचात."

कोणी जेवलं नाही पुढे. फार बोलले का मी? आता घरात राहायचं कसं?

२१ डिसेंबर

सकाळी सासरे सासूबाईंपुढे कालचा पेला घेऊन उभे. चेहरा उतरलेला. "तुझ्या हातात दोष नव्हता. मीच कच्ची तोडत होतो." सासूबाईंनी पेला घेतला, हुंगला, डोळे मिटले. "गेली मिरची," म्हणाल्या. मग माझ्यापुढे हात केला — "किल्ली दे इकडे. खाली उतरते मी."

दिली.