काचेवरची आई

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. आईचा फोटो शाबूत आहे, हे आधी वाच आणि मग काय चिडायचं ते चीड. गुडघा कसा आहे?

मागचा कागद कुजलेला, म्हणून सूनबाईने तिच्या डार्करूममध्ये फोटो रसायनात भिजवला. चित्राचा पापुद्रा सायीसारखा सुटून पाण्यावर तरंगला. तो काचेवर अलगद घ्यायचा, एवढंच काम. पण इकडे सरळ करावा तर तिकडे गुंडाळतो. शाळेतल्या कवितांमधल्या आया किती मायाळू असायच्या. आपली पाण्यातही कुणाचं ऐकेना. त्यात हल्ली माझा हात जरा कापतो. जराच. शेवटी वैतागून ब्रशने ढकलली, तर उलटी होऊन काचेला चिकटली. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे.

“बाबा, थांबा म्हणत होते ना मी?” सूनबाई करवादली. मी कपाळाला हात लावला. एकुलता एक फोटो, तुला काय तोंड दाखवू?

तिने काच फिरवून उजेडाकडे धरली. तीळ जागेवर.

तेव्हा काच भिंतीवर टांगू नकोस, खिडकीत ठेव. एका बाजूने आपली आई दिसेल. दुसऱ्या बाजूने, आरशात ती स्वतःला दिसायची तशी.

तुझा,
अजूनही धांदरट धाकटा