पुतळ्याचं हसू

२७ ऑगस्ट १९७२, रवि.
समोरचा नत्थू विणकर सकाळीच आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारा आमच्या गल्लीचा बडग्या दरवर्षी तोच बांधतो. यंदाचा पुतळा गल्लीतल्या बड्या असामीचा, दौलतभाऊचा. ज्या मोकळ्या पट्टीवर ही माणसं आजोबा-पणजोबांपासून ताणा पसरत आली, तिला दौलतभाऊने तारेचं कुंपण घातलं. सूत ताणायला जागा नाही, माग बंद पडताहेत.
नत्थूला गळ्यातल्या पाटीसाठी मजकूर हवा होता. "असं झणझणीत लिहून द्या बाई, का त्याची बायकोही हासली पाहिजे."
नाही म्हटलं. कुणाची टिंगल करू नये हे वर्गात रोज सांगते. भीतीही वाटली, तेही लिहून ठेवते. पाटी नको, नाव नको, नुसता हसरा बडग्या कर, असं मीच सुचवलं. हसऱ्या तोंडाचा कुणाला राग येणार?
"हसरा? बडग्या कधी हासते काय बाई? त्याले तं जाळाचं असते."

३ सप्टेंबर
नत्थूच्या पडवीत डोकावले. बांबूचा सांगाडा, पोटात भाताचं तणस, अंगावर जुनं धोतर. तोंड आजच रंगवलेलं. मिशी नाही, चष्मा नाही, दौ.ची एकही खूण नाही. फक्त ओठ डावीकडून जरासे वर. दौ. एखाद्याला नाही म्हणताना असाच हसतो.
"तुमीच म्हणलं ना, हसरा," नत्थू.
त्याची बायको सीता सूत उकलत बसली होती. तिने मान वर केली नाही.
पुसून टाक म्हणणार होते, पण तोंड फार चांगलं जमलं होतं.

८ सप्टें., शुक्र.
मारबत. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" करत पोरं पुढे, मागून इतर गल्ल्यांचे बडगे, गळ्यात शिव्यांच्या पाट्या. आमचा बडग्या दौ.च्या ओट्यासमोर आला आणि आरोळ्या एकदम थांबल्या. कुणीतरी खिदळलं. मग सगळी गल्ली. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून. मीसुद्धा.
दौ. ओट्यावर उभा होता. तोही हसला, अगदी तसाच. लोक आणखी हसले. मग त्याने गर्दीवरून नजर फिरवली, सावकाश, हजेरी घेतल्यासारखी.
संध्याकाळी तलावाकडे बडग्याची राख झाली. नत्थूच्या दारात मात्र कुणी गप्पांना बसलं नाही.

९ सप्टें.
शाळेतून आले तो समोर नत्थूच्या दाराशी दौ.ची दोन माणसं. काही करत नाहीत. विड्या ओढतात. सीता आज नळावर गेली नाही.

१० सप्टें., रवि.
दौ. स्वतः घरी आला. चपला बाहेर काढल्या. चहा घेतला. फार सभ्य.
"बाई, तुमी मराठी शिकवता. मले एक सांगा. तो बडग्या हासून राहिला होता, का माही टिंगल करून राहिला होता? लोकं दोन्ही सांगतात. तुमी सांगसान ते मी मानतो."
टिंगल म्हटलं असतं तर नत्थू संपला असता. म्हटलं, "हसरा होता. नुसतं हसू."
"पक्कं?"
"हो."
"मंग भांडणच नाही. उद्या माह्या घरी गणपती बसते. आरतीले नत्थूले घेऊन या. चार लोकांसमोर माह्याकडं पाहून तसंच हासून दाखव म्हणा. मीही हासीन."
चहाची बशी त्याने स्वतः मोरीजवळ नेऊन ठेवली.
तो गेल्यावर शब्दकोश काढला. एका बाजूला हसू, स्मित; पुढे यादी अडते. दुसऱ्या बाजूला टिंगल, टवाळी, टर, खिल्ली, कुचेष्टा, हेटाळणी, उपहास... घावाचे जितके प्रकार, तितकी नावं. मी खोटं बोलले का? तोंड हसरं होतं हे खरं. हसली ती गल्ली. मग परवा माझ्या तोंडावर होतं, ते यातलं कुठलं...

११ सप्टें., सोम.
सकाळी सीता आली. बसली नाही. "पाटी असती तं बरं झालं असतं, बाई. मारबतीतली शिवी मारबतीसंगं जळते, तिचा राग कोणी धरत नाही. यानं पाटीच्या जागी हासू ठेवलं, ते मागं राहिलं. तुमच्या बुद्धीनं." पंधरा वर्षं या गल्लीत राहते आणि हे मला ठाऊक नव्हतं.
नत्थूला बोलावलं. म्हटलं, मान खाली घालून हस, नमस्कार केल्यासारखं. आरशासमोर उभा केला. ओठ नुसते ताणले जायचे. "पोटातून येऊनच नाही राहिलं बाई. काहून येईन?" मी हसून दाखवलं. माझंही आरशात काही बरं दिसलं नाही.

संध्याकाळ. आरतीची वेळ. दौ.ची ती दोघं न्यायला आलीत. साडी बदलते असं सांगून आत येऊन हे लिहिते आहे. आताच नत्थू दारात आला, धुतलेला सदरा घालून. विचारलं, जमेल ना रे?
"जमलं बाई," म्हणाला, आणि दाखवलं.
ओठ डावीकडून जरासे वर.
सीता अंगणात उभी आहे. बाहेरून हाक मारताहेत.