कप्तान शेवटी उडी मारतो

११ ऑक्टोबर १९४४

आज मला एक कोरी वही, दीड पेन्सिल आणि तीन मजली खाटेतला सगळ्यात वरचा मजला मिळाला. युद्धकैद्याला याहून जास्त काय हवं? महिन्यापूर्वी जळत्या विमानातून उडी मारली, बिटाच्या शेतात पडलो, शेतकऱ्याच्या बायकोच्या हातून फावड्याचा प्रसाद खाल्ला, आणि तरीही धडधाकट आहे. आईला तसं कळवलं. फावडं तेवढं गाळलं.

इथे नव्या माणसाला ओळखणारा कोणीतरी आधीपासून छावणीत असावा लागतो. जर्मन आपली माणसं आमच्या गणवेशात घुसवतात, म्हणून ओळख पटेपर्यंत कोणी धड बोलत नाही. खोलीचा स्वयंपाकी मॅक्किनन नावाचा स्कॉटिश माणूस आहे. त्याने तासभर माझी उलटतपासणी घेतली. आमच्या तळाजवळच्या लिंकन गावात कुठल्या खानावळीतली बिअर पाणचट असते, हाही प्रश्न होता. मी म्हटलं, सगळ्याच. तो हसला नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत आला आमच्या विमानाचा कप्तान, हॅलम! डाव्या पायाने लंगडत होता, पण जिवंत. म्हणाला, अरे हा तर आमचा बर्टी, लेकाचा नकाशा उलटा धरतो पण घरी बरोबर आणतो. झालं, मी खोलीतला झालो. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो, लपवायचं कशाला? उडीआधी विमानात मी धुरातून पुढे गेलो तेव्हा त्याची जागा रिकामी होती. मला वाटलं, स्फोटाने बाहेर फेकला गेला, संपला.

१६ ऑक्टोबर

दिवसातून दोनदा मैदानात उभं करून मोजतात. मधल्या वेळात मॅक्किननने बिस्किटं कुटून, मनुका घालून केक केला. त्याने भिंत बांधता आली असती. ओवेन नावाचा वेल्श गडी छावणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि खोलीतही वाजवायची धमकी देतो.

आज ओवेनने एक विचित्र गोष्ट सांगितली. म्हणे तुमचा हॅलम म्हणजे खरा कप्तान, सगळ्यांना उतरवून, शेपटीतल्या जिमीला ओढून काढायला मागे गेला आणि शेवटी उडी मारली. जिमी आमचा शेपटीचा तोफवाला होता, एकोणीस वर्षांचा; विमानाबरोबरच गेला. शेपटीकडे जायची वाट माझ्या पाठीमागून होती. मागे कोणी गेलं नाही. हॅलमलाच विचारायचं ठरवलं.

१९ ऑक्टोबर

हॅलमला कुंपणाशी फिरताना विचारलं. तो म्हणाला, तुझ्या डोक्याला मार बसला होता बर्टी, तुला काय आठवणार? मी म्हटलं, मार फावड्याचा, तो नंतरचा. तो हसला. मग म्हणाला की त्याने जिमीच्या वडिलांनाही पत्रातून तसंच कळवलंय, म्हाताऱ्याला तेवढाच आधार. मी म्हटलं, मीही त्यांना लिहीन, पण पाहिलं तेच लिहीन.  मग त्याने मला सिगारेट दिली, आख्खी.

२५ ऑक्टोबर

माझी निवड झाली! वसंतात पळालेल्यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या, तेव्हापासून आमच्या वरिष्ठांनीच पळायला मनाई केली आहे. पण आमची खोली गुपचूप तयारीत आहे आणि त्यांना एक ‘भूत’ हवं आहे. म्हणजे असं: एकाने पळाल्याचं सोंग करायचं आणि छावणीतच लपायचं. शिपाई शोधून शोधून कंटाळले की त्याचं नाव यादीतून कापतात. पुढे खरा कोणी पळाला की मोजणीत भूत त्याच्या जागी उभं राहतं. आकडा जुळतो, पळणाऱ्याला आठवडाभर मिळतो.

माझं नाव हॅलमने सुचवलं. सगळ्यांसमोर म्हणाला, याच्यावर मी माझा जीव पणाला लावेन. छाती फुगली. अट एवढीच की भुताने पत्र लिहायचं नाही. आईला महिनाभर काळजी वाटेल. जिमीच्या वडिलांना लिहायचं पत्रही राहिलं. महिन्याने लिहीन.

२ नोव्हेंबर

कुंपणाची तार कापून ठेवली आणि मी शेगडीखालच्या खड्ड्यात उतरलो. वर शिपायांची धावपळ, कुत्र्यांचं भुंकणं, आणि मॅक्किनन भोळेपणाने विचारतोय, बर्टी गेला? उसना घेतलेला माझा मोजा नेला की काय? हसू दाबताना ढेकूळ तोंडात गेलं.

२१ नोव्हेंबर

जागा बदलली. शिपाई शेगडीखाली उकरणार अशी कुणकुण हॅलमला लागली. त्याने मला नाटकघराच्या रंगमंचाखाली आणलं, दुहेरी भिंतीच्या फटीत. बसता येतं, उभं राहता येत नाही. बाहेरून फळी, फळीला चार स्क्रू. एका स्क्रूचं टोक आत नखभर डोकावतं. ते मागे सरकलं की समजायचं, हॅलम जेवण घेऊन आला. गळ्यातला ओळखीचा बिल्ला त्याने मागून घेतला. सापडलोच तर ओळख पटू नये म्हणे, नाहीतर माझ्याबरोबर मॅक्किनन आणि ओवेनलाही भिंतीशी उभं करून गोळ्या घालतील. वहीचं त्याला सांगायचं राहून गेलं.

१ डिसेंबर

हॅलम सकाळच्या मोजणीनंतर येतो. आधी रोज यायचा, आता दिवसाआड. बाकीचे का येत नाहीत विचारलं. म्हणाला, जितके पाय कमी तितकं बरं. खोकला लागलाय. मार्गरीनवर, म्हणजे नकली लोण्यावर, जळणाऱ्या दिव्याचा धूर.

९ डिसेंबर

आज दुपारी डोक्यावर बँडची तालीम. मध्येच थांबली, तेव्हा ओवेनचा आवाज ओळखला. कोणाला तरी सांगत होता की आमचा बर्टी नशिबवान, शेगडीखालून निघून पावाच्या गाडीत बसला, एव्हाना स्वीडनमध्ये मासे खात असेल, हॅलमने स्वतः गाडीत बसवलं त्याला.

मी तीन हातांवर होतो. ओरडलो नाही. भिंत, मॅक्किनन, ओवेन — तेच मनात आलं. नंतर वाटलं, काहीतरी डाव असेल. कप्तानाला माहीत असेलच.

११ डिसेंबर

विचारलं. तो चिडला नाही. फटीतून एक कागद आणि एक वाक्य आत दिलं: यावर सही कर. मी आधी उडी मारली, तेव्हा कप्तान जागेवर होता, असं लिहिलं होतं. युद्ध संपल्यावर चौकशी होणार, म्हणाला. सही केलीस की तुला वर काढतो.

मी नाही म्हटलं. पाव न देताच गेला.

कप्तान, तूच होतास ना माझा? एकवीस वेळा तुझ्या मागे बसून गेलो. तू डावीकडे म्हटलंस तर डोळे मिटून डावीकडे.

२० डिसेंबर

पाचव्या दिवशी पाणी. आठव्या दिवशी अर्धा पाव. कागद पुन्हा.

२३ डिसेंबर

ओरडलो. वर नाताळची गाणी, सगळा बँड. ओवेनचा ट्रम्पेट. खोकल्याने आवाज बसलाय, घशातून नुसती हवा —

६ जानेवारी

सही केली. जिमी, माफ कर. आई, तूसुद्धा. मला बाहेर यायचंय, बस्स.

कागद घेतला. म्हणाला, शहाणा मुलगा. म्हणाला, उद्या.

स्क्रू पुन्हा लावले. चारी.

१५ जानेवारी

उद्या नाही. दोनदा पाणी. पाव एकदा. बोलत नाही.

मला जे ओळखतात त्यांच्या लेखी मी स्वीडनमध्ये आहे. जर्मनांच्या यादीत मी नाही. बिल्ला त्याच्याकडे. मी इथे आहे असं सांगणारा जगात एकच माणूस —

२६ जानेवारी

तोफा. रशियन असतील. रोज जवळ. भिंतीतून माती गळते. आनंद व्हायला हवा.

२७ जानेवारी

सकाळ. बाहेर हजार बूट. शिट्ट्या. सगळी छावणी बाहेर काढतायत. बर्फात. मॅक्किननचा आवाज, माझा तवा कोणी घेतला — मी लाथा मारल्या. फळी जाड. मॅक्किनन! हवा, नुसती हवा —

बूट दूर. कुत्री दूर.

शांत.

अजून शांत. सगळे गेले. दिवा संपत आला.

पाऊल. एकाचं. डावं ओढत. तोच! परत आला. सगळे गेल्यावर — शेवटी — माझ्यासाठी! देवा, मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं. खोडेन. सगळं खोडे—

टकटक केली. त्यानेही केली.

स्क्रू फिरतोय. टोकाकडे बघतोय. हलतंय. नखभर होतं. आता मागे — नाही. दोन नखं. आत येतंय. आत ये