झेंडूखालची चावी

॥ श्री ॥

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
२८ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. मीनावन्संस,
कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. सोबत आपट्याचं पान घातलंय. दसऱ्याचं सोनं उशिरा का होईना, पोचतं करते. त्र्यंबकरावांना नमस्कार सांगा.

आता मूळ गोष्ट. आपल्या कारखान्यातल्या, लोखंड कातायच्या मोठ्या विलायती लेथची चावी हरवली. लेथच्या तोंडाशी तो गोल चक असतो ना, त्याचे चार जबडे जिनं आवळायचे आणि सोडायचे, ती चौकोनी टोकाची चावी. तुम्हाला मी काय समजावून सांगायचं म्हणा, तुम्ही तिच्या संगतीनंच लहानाच्या मोठ्या झालात.

तात्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. खंडेनवमीला लेथनं रिकाम्या तोंडानं पूजा घ्यायची नाही, जबड्यात काम धरलेलं पाहिजे. यंदा कागलच्या हंबीररावांच्या गुऱ्हाळाचा शाफ्ट धरला होता. हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू झालं आणि तात्यांनी झेंडू इतका वाहिला की खालचं काही दिसेना. दुसऱ्या दिवशी निर्माल्यही त्यांनीच गोळा केलं, त्याला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. मी त्यांच्याबरोबर पंचगंगेवर गेले. त्यांनी टोपली पाण्यात उपडी केली आणि डुबुक असा आवाज आला. फुलं कधी डुबुक वाजत नाहीत, हे मला तिथंच कळायला हवं होतं. मला वाटलं, बेडूक असेल.

घरी येऊन चावीची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मला तो डुबुक आठवला. मी ते फक्त यांच्या कानावर घातलं. तात्या रोज यांनाच बोलतात, की डोळं उघडं ठिवून काम करत न्हाईस, मग वस्तू जात्यात. हे मुकाट ऐकून घेतात.

वन्सं, सायकलची गोष्ट आठवते ना? गेल्या वर्षी तात्या चौकात सायकलवरून पडले आणि घरी येऊन त्याच दिवशी त्यांनी सायकल देऊन टाकली. पुन्हा तिचं नाव काढलं नाही. मोतीबिंदू वाढतोय हे आपण सगळे जाणतो, एक ते सोडून. चावी आपल्याच हातून नदीत गेली हे कळलं तर लेथही तसाच सोडतील आणि ओसरीवर बसून राहतील. मला ते बघवणार नाही. माहेरचे वडील मला आठवतसुद्धा नाहीत. वडील म्हणून जे काय माहीत आहेत ते हेच.

चावी काय, दुपारभरात कानशीनं घासून होईल, असं हे म्हणतात. पण तात्या परकी चावी चकला लावू देत नाहीत, भोकं खराब होतील म्हणतात. हंबीरराव येतात आणि अडकलेल्या शाफ्टकडे बघून जातात. त्यांचं गुऱ्हाळ खोळंबलंय. तेव्हा हुबेहूब तशीच चावी पाहिजे, आणि ती इथं करता येणार नाही. उद्यमनगरात सकाळी ऐरणीवर घाव पडला तर संध्याकाळी चहाच्या गाड्यावर तात्यांना कळतो. त्र्यंबकरावांच्या शेडमध्ये जमेल का?

तुमची पत्रं मीच तात्यांना वाचून दाखवते, हे ध्यानात ठेवून लिहा. लोभ आहेच, तो या अडचणीतही तसाच ठेवावा.

तुमची,
कालिंदी


॥ श्री ॥

इचलकरंजी
३१ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. कालिंदीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोनं पोचलं. इकडे ठीक आहे. माग रात्रंदिवस खडखडतात, आम्हाला आता त्याशिवाय झोप येत नाही. तात्या, थंडी पडायला लागली, पहाटे कानाला मफलर बांधल्याशिवाय बाहेर पडू नका. फराळाचा डबा पाठवते. इथवर मोठ्यानं वाच, दुसरं पान मनात.

देवाला नारळ वाहणारी माणसं पाहिली, नदीला चकची चावी वाहणारं आपलंच घर. पंचगंगेतल्या माशांनी आता एखादा लेथ घ्यायला हरकत नाही. हसू आलं म्हणून लिहिलं, पण आधी मला रागच आला होता. वर्षभर मी मिरजेला डोळे दाखवू म्हणून घसा कोरडा करते आणि तात्या म्हणतात, माझं डोळं ठणठणीत हायत. वाटलं, उठावं, एसटी धरावी आणि तोंडावर सांगावं. ह्यांनी अडवलं. म्हणाले, सासऱ्यांना डोळे हवेत हे खरं, पण त्यासाठी त्यांचे हात कशाला काढून घेतेस? मग तुझी ती वडिलांची ओळ त्यांना पुन्हा वाचून दाखवली, तर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता चावी. तिची आडवी मूठ आहे, तिचं उजवं टोक जरासं खाली वाकलेलं. ते माझं कर्तृत्व. चौथीत असताना मी पाट्यावर त्या चावीनं गुळाची ढेप फोडली. टोक वाकलं ते वाकलंच, वर चावी न धुता जागेवर ठेवली, तर सगळ्या चकला मुंग्या लागल्या. तात्यांनी मला असं झाडलं की अजून गूळ फोडताना कानात वाजतं. पण टोक त्यांनी कधी सरळ केलं नाही, तिथं अंगठा चांगला बसतो म्हणायचे.

ह्यांच्याकडे हल्ली शमशुद्दीनचाचा असतात. ते पूर्वी तात्यांच्या हाताखाली होते, तापलं पोलाद बुडवून कडक करायला, म्हणजे त्याला पाणी द्यायला, तात्यांकडूनच शिकले. त्यांनाही ती चावी आठवते. वसंताला म्हणावं, तात्या जेवायला घरी गेले की चकच्या भोकाचं माप घे आणि लगेच धाड. बोलणी खातोयस त्याबद्दल बहिणीकडून एक लाडू जास्त.

माया आहे ती कमी व्हायची नाही, काळजी मात्र थोडी कमी कर.

तुझी,
मीनावन्सं


॥ श्री ॥

कोल्हापूर
४ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. मीनावन्संस,
कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

यांनी माप घेतलं, तो कागद सोबत आहे. तुमचं पहिलं पान तात्यांना वाचून दाखवलं. एवढंच का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वन्संना दिवाळीच्या कामाची घाई. मग नुसते माझ्याकडे कान देऊन बसले.

वन्सं, मला भीती वाटते. तात्या यांना बोलायचेसुद्धा थांबलेत. आज सकाळी कुणाला न सांगता बाहेर पडले ते उन्हं वर आल्यावर परतले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. विचारलं तर म्हणाले, रंकाळ्यावर पाय धुतलं. कारखान्यात गेलेच नाहीत. मी ज्याला भीत होते तेच, ओसरीवर बसून राहिले. चहा ठेवला तो निवून गेला. हंबीरराव आले तसे परत गेले.

त्र्यंबकरावांना आणि चाचांना हात जोडून सांगा, जमेल तेवढी घाई करा. जास्त काय लिहू, तुमच्यावरच भिस्त आहे.

तुमची,
कालिंदी


॥ श्री ॥

इचलकरंजी
८ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. कालिंदीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तात्यांना सांग, डबा पाठवलाय, अनारसे बिघडलेत पण चिवडा जमलाय. दात संभाळून खा. इथवर मोठ्यानं.

शेजारचे गणपतराव कोल्हापूरला येतायत, त्यांच्या हाती डबा आहे. चिवड्याच्या तळाशी फडक्यात चावी. चिवडा तात्यांच्या पुढं ठेवण्याआधी ती काढ, नाहीतर दाताखाली सापडेल. मूठ वाकवायला चाचांनी चार घाव घातले आणि प्रत्येक घावाला मला विचारलं, एवढंच की अजून? मग जळक्या तेलात बुडवून ती जुनी केली. चाचा म्हणतात, उस्तादांनी ओळखली न्हाय तर मी जिंकलो, ओळखली तर उस्ताद जिंकले, माझं दोन्हीकडनं भलंच हाय.

वसंताला म्हणावं, लेथखाली लोखंडाचा कीस पडतो त्यात ती पुरून ठेव आणि तात्यांच्या समोर काढ. फार नाटक करू नको, लहानपणी शाळेच्या नाटकात तो झाड झाला होता आणि तेही हलला होता.

काय होतं ते उलट टपाली कळव.

तुझी,
मीनावन्सं


॥ श्री ॥

कोल्हापूर
११ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. मीनास,
तात्याचे आशीर्वाद.

अक्षर कालिंदीचं हाय, बोलणं माझं. सांगतो तसंच लिही, मधी साखर घालू नगं, म्हणून तिला बजावलंय.

चावी गावली. वसंतानं लेथखालच्या किसात हात घातला आणि घातल्या घातल्या गावली. त्या किसात मी रोज हात घालून चाचपत हुतो, पर असू दे. चक उघडला, हंबीररावांचा शाफ्ट सुटला. त्येंनी कारखान्यातच पेढं वाटलं. समद्यांचा जीव भांड्यात पडला, माझा बी पडला.

पर मीने, ही चावी ती न्हवं. जुन्या चावीचा एक कोपरा झिजला हुता. त्यो वर धरूनच घालाय लागायची, न्हाय तर घसरायची. माझा हात आपसूक तसा फिरतोय. ही कशी बी घाला, बसती. लई झ्याक केलीया. आणि असं पाणी द्यायला मी एकालाच शिकिवलंय. शमशुद्दीनला सांग, उस्तादानं ओळखली, पर वाकडं टोक अगदी तुझ्या गुळाच्या येळचं झालंय.

नदीवर डुबुक वाजलं ते मी बी ऐकलं हुतं. डोळं गेल्यात, कान न्हाईत. मला बी बेडूकच वाटला. चावी न्हाय म्हणून बोंब झाली तवा कळलं, बेडूक कंचा त्यो. मग वसंताला बोलत ऱ्हायलो, का तर चिडून एकदा तरी म्हणंल, तात्या, तुम्हीच घातलीसा. त्यो म्हणंना. मग घाटावर जाऊन गुडघाभर पाण्यात पायानं चाचपलं. गाळ लागला आणि कुजका झेंडू. रंकाळ्यावर गेलतो म्हणून सांगितलं, ते खोटं. त्या दिशी मला भ्या वाटलं. आता आपुन कशाच्या कामाचं ऱ्हायलो न्हाय असं वाटलं.

आणि तुझी पत्रं. पानं दोन वाजायची आणि मजकूर एका पानाचा. मी म्हटलं, दुसऱ्या पानात माझंच कायतरी असणार. माझ्या एकट्यापायी कोल्हापूर ते इचलकरंजी समदी खोटं बोलाय लागल्यात, आणि कुणाला नीट येत बी न्हाय. चिवड्याला जळक्या तेलाचा वास येत हुता.

तवा ठरिवलं, डोळं करून घ्यायचं. दिवाळी झाली की त्र्यंबकरावांनी मला मिरजेला न्यावं. लेथ मी सोडत न्हाय. सायकल बी उगंच दिली. आणि पुढच्या खंडेनवमीला निर्माल्य कालिंदी गोळा करील, मी निस्ता टोपली धरीन.

इथं तिचा हात थांबलाय. का थांबला ते मला दिसत न्हाय, पर कागदावर टपटप ऐकाय आलं. अक्षरं कुठं फुटली असली तर ती तुझ्या भावजयीची करणी, माझी न्हवं. तिला म्हटलं, बाप जिता हाय, डोळं बी परत यायचं हायत, मग रडतीस कशाला? लिही म्हणून दोनदा सांगाय लागलं.

वसंताला जवळ बोलवून पाठीवर हात ठिवला. त्येला तेवढ्यानं कळलं.

समद्यांना आशीर्वाद. माया हाय ती ऱ्हाऊ दे. मिरजेहून आलो की तुझी पत्रं मी सोता वाचणार हाय, तवा दुसरं पान संभाळून लिहीत जा.

तुझा,
तात्या