हीटरचा दर

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे मासे मजेत आहेत, त्यांना धंद्याची चिंता नाही. गिऱ्हाईक येतं, फिल्टर उलटासुलटा करून बघतं, टाकीत किती मासे मावतील ते तासभर विचारतं, फोटो काढतं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतं. तिथला दर माझ्यापेक्षा बरोब्बर दहाने कमी. दोन वर्षं हेच चाललंय. बायको म्हणते, वर्षअखेरीस टाळं लावा आणि कुठेतरी नोकरी धरा. 

दर तीन महिन्यांनी पाठवतो ती नव्या दरांची यादी सोबतच्या वेगळ्या पाकिटात आहे. नेहमीसारखी दुकानाची पाटी लिहून पाठव. बाबा होते तेव्हापासून अक्षर तुझंच आहे.

तुझा लाडका की दोडका, तूच ठरव,
बुटका

१२ जून

चि. बुटक्यास,
अ. उ. आ.

यादीचं पाकीट न उघडता परत पाठवतेय. कारण ऐक, मग हवं तेवढं बोल मला. मी ऑनलाइन कंपनीत आहे हे तुला माहीत आहे. पण दोन वर्षांपासून माशांच्या सामानाचे दर मीच ठरवायचे, हे सांगितलं नव्हतं. दुकानदार काय दर लावतात, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तुझी यादी माझ्या पर्समध्येच होती. एकदाच म्हणून बघितली, मग सवय लागली. वर शाबासकीही मिळाली. संध्याकाळी तुझी पाटी लिहायची आणि सकाळी तुझाच दर तोडायचा! माझीच मला लाज वाटते रे.

काल साहेबांना सांगून ते काम सोडलं. आता चपला-बुटांचे दर बघते. पाटी मात्र यापुढे दुसऱ्या कोणाकडून लिहून घे, मला तोंड राहिलं नाही.

रागावलास तरी पत्र टाक,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला मार्चपासून ठाऊक होतं. तेव्हाच्या यादीत मी घाईघाईत हीटरचा दर ५४० ऐवजी ४५० लिहिला. तूही पाटीवर तोच उतरवलास. चूक दिसली म्हणून मी ती पाटी लावलीच नाही, कपाटामागे सारली. तिसऱ्या दिवशी ऑनलाइन हीटर ४४०! तो आकडा फक्त आपण दोघांनी पाहिला होता.

राग आला. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. पण यादी बंद केली असती तर तुझी पत्रंही आटली असती, म्हणून या महिन्यातही पाठवली. तू आपणहून सांगितलंस, फार बरं वाटलं.

आता दुकानाचं. तुमच्या स्वस्त टाक्या घेणारे त्याच दिवशी मासे सोडतात आणि आठवड्याने मेलेला मासा पिशवीत घालून माझ्याकडे रडत येतात. मी पाणी तपासतो, आठ दिवस मासा न सोडता फिल्टरमधून नुसतं पाणी फिरवायला लावतो, मगच मासा देतो. इतकी वर्षं हे फुकट करत होतो, आता त्याचेच पैसे घेणार. बायकोने आणखी एक वर्ष दिलंय.

तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरात लिही: टाकी कुठूनही घ्या, पाणी आधी इथे दाखवा. सामानाचे दर खाली बारीक. यादी पुन्हा पाठवतोय, या वेळी उघड. हीटरपुढची जागा कोरी सोडली आहे. तो दर तू ठरव.

लोभ होता तसाच राहू दे.

तुझा,
बुटका