शेकाची ट्यूब

गोळीबार चौक, नागपूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. पियुष, अनेक आशीर्वाद.

गळ्यातून आवाज निघत नाही, फोनवर काय बोलू? म्हणून लिहून राहिली. गळ्याच्या कॅन्सरले मशीनचे बावीस शेक झाले, आठ राहिले. अन् मंगळवारपासून मशीनच बंद! काहून, तर म्हणे ट्यूब गेली. एवढा मोठा दवाखाना, अन् एका ट्यूबलाईटपायी सारे पेशंट घरी? सदर बाजारच्या दुकानांत ढीग पडला आहे. मी सिस्टरले सांगितलं, माझा पोरगा बंगलोरले ट्यूबच बनवतो, दोन पाठवायले लावते. ती हसतच सुटली.

डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून दुसऱ्या दवाखान्यात सोय करतो. मी नाही म्हटलं. देवानंच मशीन थांबवली, आता बस झालं. ऋतुजा आदळआपट करून राहिली. तुझ्या बहिणीले तूच समजाव गा.

जेवत जा.
तुझी आई


बंगळुरू
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, मग डोळे भरले. आई वं, ती ट्यूबलाईट नव्हे! क्लायस्ट्रॉन म्हणतात तिले. बारीकशी सूक्ष्मलहर, म्हणजे मायक्रोवेव्ह, आत जाते अन् हजारोपट जोरदार होऊन बाहेर निघते. त्या जोरावर तुझा शेक बनतो. आमच्या वीतभर ट्यूब उपग्रहात जातात. काम तेच, पण तुझ्या मशीनले चालत नाहीत. इतकी वर्षं ट्यूब बनवल्या अन् आईच्या कामाची एक नाही, याचं फार वाईट वाटलं.

देवाले मध्ये घालू नको. ट्यूब झिजते, बदलतात. बाबांच्या हातमागाले तू जन्मभर सुताच्या कांड्या भरून दिल्या. अर्धं लुगडं मागावर सोडून कोणी उठते का? मी डॉक्टरले फोन केला; ते म्हणाले, खंड पडला की रोगाले फावते. इथं नव्या ट्यूबची चाचणी चालू आहे, मार्चशिवाय सुटी नाही. पण मले भीती वाटून राहिली.

माया आहेच, हट्ट तेवढा सोड.
तुझा पियुष


नागपूर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. पियुष, आशीर्वाद.

काल दुसऱ्या दवाखान्यात तेविसावा शेक घेतला. ऋतुजा सोबत होती.

देवाचं नाव मी खोटंच घेतलं. मशीन मंगळवारी बंद पडली, मी तर आदल्या दिवशी, सोमवारीच, दवाखान्याच्या फाटकातून शेक न घेता परत आली होती. कोणालेच सांगितलं नाही. पाणी गिळतानाही जीव जाते, बाबू. ट्यूब गेल्याचा फोन आला तेव्हा सुटली बाई, असं वाटलं. तिथं बाकी पेशंट रडकुंडीले आले होते अन् मी मनात खुश! तुझं पत्र वाचून लाज वाटली.

अजून सात आहेत. ऋतुजाले वाटते, आई खंबीर आहे. मी खंबीर नाही गा. मार्चची वाट नको पाहू. ये.

तुझी आई